उपग्रहाला प्रवाळ दिसतं का?

१९७५ साली बहामा बेटांजवळच्या नितळ समुद्रात झाक कुस्तो या फ्रेंच दर्यावर्दीच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावरचे पाणबुडे आकाशातल्या वेळापत्रकाप्रमाणे काम करत होते. लँडसॅट उपग्रह डोक्यावरून जायची वेळ झाली, की ठरलेल्या जागी उपकरणं घेऊन पाण्याखाली हजर राहायचं. उपग्रहानं वरून टिपलेला पाण्याचा रंग आणि पाणबुड्यांनी खाली घेतलेली मोजमापं यांचा मेळ बसतो का, हे नासाला पाहायचं होतं. मेळ बसला. पाणी स्वच्छ असेल, तर उपग्रहाच्या चित्रावरून सुमारे २२ मीटरपर्यंतची खोली सांगता येते, असं त्या प्रयोगातून दिसलं.

त्याला आता पन्नास वर्षं झाली. उपग्रह वाढले, त्यांची नजर तीक्ष्ण झाली, जगातल्या उथळ समुद्रातल्या प्रवाळभित्तींचे नकाशे घरबसल्या संगणकावर पाहता येऊ लागले. असा एखादा रंगीत नकाशा समोर आला, की प्रवाळांची प्रकृती आता आकाशातूनच तपासली जाते, पाण्यात उतरायची गरज संपली, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात तसं नाही. ते का नाही, हे कळायला आधी प्रवाळ आजारी पडतं म्हणजे काय होतं, ते पाहायला हवं.

प्रवाळ हा प्राणी आहे. बहुतेक जातींमध्ये एकेक जीव काही मिलिमीटरचा, पण हजारोंनी एकत्र राहून तो चुन्याचा सांगाडा रचत जातो आणि त्यातूनच शेकडो किलोमीटर लांबीच्या भिंती उभ्या राहतात. (अंगठीतलं लाल पोवळं यातलं नव्हे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या प्रवाळाचं असतं आणि ते प्रवाळ अशा भिंती बांधत नाही.) या जिवाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बहुतांशी या भाडेकरूंचाच. पाणी नेहमीपेक्षा जास्त काळ तापलं, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतं आणि त्याच्या पारदर्शक कातडीतून पांढराफटक सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवालं परत येतात, नाहीतर ते मरतं.

उपग्रहांचं सर्वांत भरवशाचं काम इथे, म्हणजे पाण्याचा ताप मोजण्यात आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेचा ‘कोरल रीफ वॉच’ विभाग उपग्रहांच्या नोंदींवरून साऱ्या उष्ण कटिबंधातल्या समुद्राचं तापमान रोज काढतो, पाच-पाच किलोमीटरच्या चौकटींमध्ये. त्यासाठी रात्रीच्या नोंदी वापरतात, कारण वारा पडलेल्या दुपारी पाण्याचा वरचा पातळ थर उगाचच जास्त तापलेला असतो आणि खालच्या प्रवाळाला तेवढा ताप लागलेला नसतो.

नुसतं तापमान सांगून भागत नाही. लक्षद्वीपचं पाणी आणि ऑस्ट्रेलियाचं पाणी यांची सवय वेगळी. म्हणून प्रत्येक जागी वर्षातला सर्वांत उष्ण महिना सरासरी किती तापतो, हे आधी ठरवलेलं असतं. पाणी त्याच्या एक अंश वर गेलं, की हिशेब सुरू. एक अंश जास्त ताप एक आठवडा टिकला तर एक गुण, दोन अंश जास्त ताप एक आठवडा टिकला तर दोन गुण. गेल्या बारा आठवड्यांची अशी बेरीज करायची. या मापाला ‘डिग्री हीटिंग वीक’ म्हणतात. बेरीज चारवर गेली की ठळक ब्लीचिंगची शक्यता, आठवर गेली की सर्वदूर ब्लीचिंग आणि मृत्यूंना सुरुवात. बरीच वर्षं हा तक्ता आठपाशीच थांबत असे. २०२३ साली समुद्र इतका तापला, की डिसेंबरमध्ये नोआला तक्त्यात वरच्या तीन पायऱ्या नव्यानं घालाव्या लागल्या. शेवटची पायरी बेरीज वीसवर गेल्यावर येते, आणि तिचा अर्थ तिथली ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळं मरण्याचा धोका, असा दिलेला आहे.

आता आकड्यांमधली एक गफलत. एप्रिल २०२४ मध्ये जगातल्या चौथ्या व्यापक ब्लीचिंगची घोषणा झाली. त्याआधीची तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ मधली. वर्षभरानं बातम्या आल्या, की जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला या संकटानं गाठलं. बऱ्याच वाचकांना वाटलं, ८४ टक्के प्रवाळं पांढरी पडली. तो आकडा तापाचा आहे: ब्लीचिंग होऊ शकेल इतकी उष्णता ८४ टक्के क्षेत्रानं सोसली, हे उपग्रहांनी सांगितलं. त्याच बातमीत दुसरा, कमी गाजलेला आकडा होता. ८२ देश आणि प्रदेशांमधून व्यापक ब्लीचिंग झाल्याची नोंद आली होती. ही नोंद माणसांनी पाण्यात डोकं घालून केलेली. एक आकडा धोक्याचा, दुसरा झालेल्या इजेचा. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की अर्थ बिघडतो.

मग उपग्रहानं प्रवाळ थेटच का पाहू नये? इथे पाणी आडवं येतं. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, खोलवर पोचतात ते निळे आणि हिरवे किरण. तळाला आपटून ते परत वर येतात, पुन्हा सगळं पाणी आणि सगळं वातावरण ओलांडून उपग्रहापर्यंत जातात. म्हणजे उपग्रहाला दिसणाऱ्या रंगात तळाचा वाटा थोडा, बाकी सारी हवेतली धूळ, पाण्यावरची उन्हाची चकाकी, पाण्याचा स्वतःचा निळेपणा. ही भेसळ एकेक करून वजा करायची. पाण्याच्या थराचा परिणाम कसा काढून टाकावा, याचं गणित डेव्हिड लायझेंगा या शास्त्रज्ञानं १९७८ साली मांडलं, आणि आजच्या पद्धतींच्या मुळाशी अजून तेच आहे. एवढं करूनही तळावर काय आहे हे खात्रीनं सांगता येतं ते दहा-पंधरा मीटरपर्यंत, तेही स्वच्छ पाण्यात.

खरी अडचण त्याहून बारीक आहे. जिवंत प्रवाळाचा रंग शैवालाचा, आणि मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यावर उगवतं तेही शैवालच. दोघांत हरितद्रव्य आहे, दोघांचा तपकिरी-हिरवट रंग उपग्रहाच्या मोजक्या रंगपट्ट्यांमध्ये जवळजवळ सारखा भरतो. ब्लीचिंगनंतर प्रवाळ मेलं, तर काही आठवड्यांतच त्यावर शैवालाची लव चढते. म्हणजे वरून पाहणाऱ्याला क्रम दिसतो तो असा: तपकिरी, मग पांढरं, मग पुन्हा तपकिरी. रोगी बरा झाला की गेला, हे चित्रावरून कळतच नाही. शिवाय पांढरं प्रवाळ आणि पांढरी वाळू एकमेकांत मिसळतात. नेमक्या आठवड्यात निरभ्र आकाश मिळालं, तर पांढरेपणा पकडता येतो. तो आठवडा ढगात गेला, की पुरावाही गेला.

म्हणून नकाशा करणाऱ्यांनाच पाण्यात उतरावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण टोकाला, किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर हेरॉन नावाचं इवलंसं बेट आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाचं संशोधन केंद्र तिथे आहे. ख्रिस रोएल्फसेमा आणि त्यांचे सहकारी २००२ पासून या बेटाभोवतालच्या प्रवाळभित्तीचे फोटो काढत आले आहेत. पद्धत साधी. पाणबुड्या तळाच्या जेमतेम हातभर वरून, कॅमेरा सरळ खाली धरून पोहत जातो आणि दर काही मीटरवर एक फोटो घेतो. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, तेव्हा ते एका तरंगत्या डब्यात घालून दोरीनं पाणबुड्याच्या मागे ओढलेलं असतं. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि जीपीएसचं घड्याळ सुरुवातीलाच जुळवायचं, नंतर वेळेवरून प्रत्येक फोटोची जागा लावायची. घड्याळ चुकलं, तर त्या फेरीतले सारे फोटो नकाशावर भलतीकडे जाऊन बसणार.

पुढचं काम किनाऱ्यावरचं, आणि कंटाळवाणं. प्रत्येक फोटोवर संगणक काही ठिपके टाकतो आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते ठरवायचं असतं: फांद्यांचं प्रवाळ, गोलाकार प्रवाळ, शैवाल, वाळू, तुटलेले तुकडे. ठिपक्यांवरून टक्केवारी निघते. हल्ली हे काम बऱ्याच अंशी यंत्रच करतं, पण त्यालाही आधी माणसानं ओळखून दिलेल्या हजारो फोटोंवर शिकवावं लागतं. एक फोटो साधारण मीटरभर तळाचा, उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) कित्येक मीटरचा. त्यामुळे ओळीनं घेतलेल्या अनेक फोटोंची सरासरी काढून मगच ती उपग्रहाच्या ठिपक्याशी ताडता येते.

मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या पैशातून उभा राहिलेला ‘ॲलन कोरल ॲटलस’ याच पायावर झाला. ‘प्लॅनेट’ कंपनीच्या लहान लहान उपग्रहांची चित्रं, त्यांना जोडून जगभरच्या क्षेत्र-पाहण्यांच्या नोंदी. २०२१ मध्ये नकाशा पूर्ण झाला आणि २०२४ मध्ये त्यातून हिशेब निघाला: जगात उथळ प्रवाळभित्तींचं क्षेत्र सुमारे ३ लाख ४८ हजार चौरस किलोमीटर, पण जिथे प्रवाळ वाढतं असा कठीण तळ त्यातला फक्त ८० हजारांच्या आसपास. बाकी वाळू, मोडतोड, शैवाल. नकाशाची ही मोठीच कमाई आहे. कुठे काय वसलं आहे, हे त्यानं जगाला पहिल्यांदा एकाच मापानं दाखवलं.

प्रकृतीचा प्रश्न मात्र निराळा. २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात प्रवाळं पांढरी पडू लागली, तेव्हा शास्त्रज्ञ टेरी ह्यूज यांच्या तुकडीनं उपग्रहावर विसंबून न राहता लहान विमान आणि हेलिकॉप्टर घेतलं. जेमतेम दीडशे मीटर उंचीवरून ९११ प्रवाळभित्ती पाहून प्रत्येकीला शून्य ते चार असे गुण दिले. ब्लीचिंगची खूण अजिबात नाही, अशा फक्त सात टक्के निघाल्या. विमानातून दिलेले गुण बरोबर आहेत का, हे पाणबुड्यांनी खाली जाऊन तपासलं. आणि काही महिन्यांनंतर पुन्हा गेले, कारण पांढरी पडलेली किती मेली हे तेव्हाच कळणार होतं. नऊ महिन्यांत साऱ्या ग्रेट बॅरियर रीफमधली जवळपास ३० टक्के प्रवाळं गेली होती.

हेरॉनजवळच्याच वन ट्री बेटावर २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याहून जवळून पाहिलं. त्यांनी प्रवाळांच्या ४६२ वसाहती निवडल्या आणि त्याच त्याच वसाहतींकडे पुन्हा पुन्हा गेले. फेब्रुवारीत ६६ टक्के पांढऱ्या, एप्रिलमध्ये ८० टक्के. जुलैपर्यंत पांढऱ्या पडलेल्यांपैकी ४४ टक्के मेल्या. ॲक्रोपोरा या प्रजातीतल्या फांद्यांच्या काही प्रवाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण ९५ टक्क्यांवर गेलं. असा हिशेब कुठलाही उपग्रह देऊ शकत नाही, कारण तो वसाहतींना ओळखत नाही.

या ॲक्रोपोराची गोष्ट त्याआधी वाचकांनाही चकवून गेली होती. ऑस्ट्रेलियाची सागरविज्ञान संस्था, एम्स, १९८०च्या दशकाच्या मध्यापासून ग्रेट बॅरियर रीफची पाहणी करते. लहान बोटीच्या मागे दोरीला बांधलेली फळी, ती धरून पाण्याखाली डोकं घातलेला निरीक्षक, दर दोन मिनिटांनी बोट थांबते आणि तो जिवंत प्रवाळाचं प्रमाण फळीवरच्या कागदावर पेन्सिलीनं लिहितो. २०२२ मध्ये एम्सनं जाहीर केलं, की उत्तर भागात हे प्रमाण ३६ टक्के आणि मध्य भागात ३३ टक्के झालं आहे, ३६ वर्षांतलं सर्वाधिक. संकट टळलं, असं अनेकांनी लिहून टाकलं. अहवालातच पुढे म्हटलं होतं, की ही वाढ मुख्यतः भराभर वाढणाऱ्या ॲक्रोपोराची आहे, आणि उष्णता, वादळं, प्रवाळ खाणारे तारामासे यांना सर्वांत आधी बळी पडतो तो हाच. विमानातून कोकणातली आमराई हिरवीगार दिसते, पण कलमं हापूसची की रायवळ, हे खाली उतरल्याशिवाय कळत नाही, तसंच हे. २०२४ च्या उष्णतेनंतर, ऑगस्ट २०२५ च्या अहवालात उत्तर भाग ३९.८ वरून ३० टक्क्यांवर आणि दक्षिण भाग ३८.९ वरून २६.९ टक्क्यांवर घसरला. पाहणी सुरू झाल्यापासूनची या दोन्ही भागांतली ती एका वर्षातली सर्वांत मोठी घट.

भारतात प्रवाळांची प्रमुख ठिकाणं चार: लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं भारतीय उपग्रहांवरून त्यांचे नकाशे केले आहेत. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था २०११ पासून पाण्याच्या तापावरून ब्लीचिंगचे इशारे देते. लक्षद्वीपमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून समुद्र तापलेला राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंग आढळलं. आधी आकाशातून इशारा, मग पाण्यात पडताळा, ही साखळी तिथे नीट चालली.

पण लक्षद्वीपबद्दल आज जे खात्रीनं सांगता येतं, त्याचं श्रेय इशाऱ्यांना नाही, चिकाटीला आहे. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ च्या ब्लीचिंगपासून आगत्ती, कडमत आणि कवरत्तीच्या त्याच त्या जागांवर परत जात राहिले. २०२५ मध्ये त्यांनी २४ वर्षांचा ताळेबंद मांडला: जिवंत प्रवाळाचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. त्यात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निघाली. दोन ब्लीचिंगच्या मध्ये साधारण सहा वर्षं शांततेची गेली, तर प्रवाळांची वाढ जोर धरते. तेवढी उसंत आता मिळेनाशी झाली आहे.

महाराष्ट्राचं काय? मालवणच्या समुद्रात प्रवाळं आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना ती दिसतात. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणला आणि गोव्याच्या ग्रँडे बेटाजवळ ब्लीचिंगची नोंद केली आहे, तीही पाण्यात उतरून. इथलं पाणी गढूळ, पावसाळ्यात नद्यांचा गाळ, आकाश चार महिने ढगाळ. उपग्रहाच्या कामाचं इथे फारसं काही उरत नाही. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, भर समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथलं पाणी नितळ, प्रवाळं समृद्ध. पण पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल, म्हणजे उपग्रहाची नजर संपते तिथून त्याची सुरुवात. ताप मोजता येईल, प्रवाळ दिसणार नाही. आंग्रियाचं काय चाललं आहे हे कळायला जहाज लागतं, पाणबुडे लागतात आणि एकदाच नव्हे, वर्षानुवर्षं लागतात. नकाशे आणि पोर्टल यांना पैसा चटकन मिळतो, अशा फेऱ्यांना मिळत नाही. प्राधान्याचा हा क्रम उलटा आहे.

एक साधन मात्र स्वस्तातलं आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ प्रकल्पानं २००२ मध्ये पोस्टकार्डासारखा, पाण्यात न भिजणारा एक रंगतक्ता काढला. कडेला चार रंग, प्रत्येकाच्या सहा छटा, फिक्यापासून गडदपर्यंत. पाण्यात प्रवाळाशेजारी तो धरायचा, प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग कुठल्या छटेशी जुळतो ते लिहून घ्यायचं. त्याच प्रवाळाची नोंद पुढे दोन छटांनी फिकी आली, तर ब्लीचिंगची शंका घ्यायची. तक्ता घरच्या प्रिंटरवर छापून चालत नाही, रंग बदलतात. मूळ छापील तक्ताच लागतो.

तारकर्ली-मालवणला दर मोसमात हजारो पर्यटक पाण्यात उतरतात, आणि त्यांना नेणारे स्थानिक पाणबुडे तीच तीच प्रवाळं रोज पाहतात. लक्षद्वीपच्या संशोधकांनी २४ वर्षं जे केलं, त्याची सुरुवात याहून फार वेगळी नसते: एक ठरलेली जागा, तारीख, खोली, पाण्याचं तापमान आणि फोटो. मालवणला उतरणार असाल, तर प्रवाळावर पाय ठेवू नका, त्याचा तुकडा तोडू नका (कायद्यानंही तो गुन्हा आहे), आणि पांढरं प्रवाळ दिसलं तर जागा आणि तारखेसह फोटो आपल्या गाइडकडे द्या, तो वन विभागापर्यंत पोचवायला सांगा.